स्टोक रो गावची विहीर



मागच्या काही कार्यक्रमांत आपण आपल्याकडच्या आडांविषयी आणि बारवांविषयी बोललो. तेव्हा गटातल्या एका ताईने विचारलं, "इंग्रजांच्या देशात बायकांना कधी पाण्यासाठी वणवण करावी लागली का? की तिथं पहिल्यापासून नळच?" प्रश्न आम्हाला आवडला. म्हणून आज तिथल्याच एका लहान खेड्याची, त्यातल्या चार जुन्या इमारतींची आणि मुख्य म्हणजे एका विहिरीची गोष्ट सांगतो. ही विहीर आहे इंग्लंडात, पण ती बांधून दिली काशीच्या महाराजांनी.

गावाचं नाव स्टोक रो. ऑक्सफर्डशायर नावाच्या परगण्यात, लंडनपासून पन्नासेक मैलांच्या आत, चिल्टर्न नावाच्या टेकड्यांवर ते वसलेलं आहे. लोकवस्ती हजाराच्या आतच. आजूबाजूला बीच नावाच्या उंच झाडांचं रान. घरं विटांची आणि गारगोटीच्या दगडांची, कारण चिकणमाती आणि गारगोटी या दोन गोष्टी तिथे पायाखालीच सापडतात. पूर्वी गावातली माणसं शेतमजुरी करत, विटा पाडत, रानातलं लाकूड तासून खुर्च्यांचे पाय बनवत. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या तंबूंचे लाकडी खुंटेही या गावात तयार झाले.

गावात एक जुना पब आहे, सतराव्या शतकातला. पब म्हणजे गावकऱ्यांची बसायची आणि प्यायची जागा. एक चर्च आहे, १८४६ साली बांधलेलं, गारगोटीच्या भिंतींचं. आणि रस्त्याच्या कडेला, हिरव्या गवतावर, ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभा असलेला एक घुमट आहे. लालसर आणि सोनेरी रंगाचा, जमिनीपासून तेवीस फूट उंच. घुमटाखाली लोखंडी यंत्र आणि त्या यंत्रावर एक सोनेरी हत्ती. इंग्लंडातल्या खेड्यात हत्ती! पहिल्यांदा बघणारा माणूस थबकतोच. त्या हत्तीच्या खालीच आपली विहीर आहे.

आता पहिला प्रश्न. इंग्लंडात तर बारा महिने पावसाची भुरभुर असते. मग तिथे पाण्याची टंचाई कशी?

याचं उत्तर जमिनीच्या पोटात आहे. चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. शाळेत फळ्यावर लिहायचा पांढरा खडू असतो ना, तशा मऊ, भुसभुशीत, पांढऱ्या दगडाच्या. वरती मातीचा आणि गारगोट्यांचा थर, खाली शेकडो फूट खडू. पाऊस पडला की पाणी खडूत मुरतं आणि खोल खोल खाली जातं. टेकडीच्या माथ्यावर ना ओढा, ना झरा. पायथ्याला मात्र झरे फुटतात आणि पुढे थेम्स नदी वाहते. डोंगरावर पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात हंडे मात्र रिकामे, ही तऱ्हा सह्याद्रीतल्या आपल्या वाड्यांना नवी नाही. दगड वेगळा, दुखणं तेच.

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या भागात चर्चच्या हद्दीप्रमाणे गावं पाडलेली, त्या हद्दीला पॅरिश म्हणतात. या हद्दी लांबच लांब पट्ट्यांसारख्या होत्या. एक टोक खाली नदीकाठी, दुसरं टोक वर टेकडीच्या रानात. मूळ गाव, चर्च, चांगली शेती सगळं खाली. वरच्या टोकाला गरिबांची वस्ती. स्टोक रो हे असंच वरचं टोक, तेही दोन-तीन हद्दींत वाटलेलं. १८४६ साली स्वतःचं चर्च होईपर्यंत प्रार्थनेलाही लोकांना मैलोन्मैल चालत खाली जावं लागे. गाव खाली आणि वाडी वर, अशी रचना असली की वाडीच्या पाण्याचा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मग त्या बायका पाणी आणायच्या कुठून? विटांसाठी माती काढून जे खड्डे पडले होते, त्यांत पावसाचं पाणी साठायचं. तेच गढूळ पाणी, आणि डबक्यांतलं पाणी. कोरड्या दिवसांत तेही आटायचं. मग भाजी उकडलेलं पाणी टाकून द्यायचं नाही, पुन्हा वापरायचं. आणि कपडे धुणं? ते पाऊस येईपर्यंत बंद. मैत्रिणींनो, ही हालत १८५०-६० च्या सुमाराची आहे. म्हणजे ज्या राणीच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असं म्हणत, त्या राणीच्या राजधानीपासून दोन दिवसांच्या चालीवर एक गाव डबक्यातलं पाणी पीत होतं.

आता गोष्टीत येतात रीड साहेब. एडवर्ड अँडरडन रीड हे त्याच भागातले. स्टोक रोजवळ इप्सडेन नावाचं गाव आहे, तिथल्या जमीनदाराच्या घरातले. तरुणपणी ते कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि तीस वर्षांहून जास्त काळ आजच्या उत्तर प्रदेशात अधिकारी म्हणून राहिले. १८३१ साली आझमगढमध्ये लोकांच्या सोयीसाठी त्यांनी एक विहीर पाडून घेतली होती. पुढे काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जमला.

असं सांगतात की एकदा बोलता बोलता रीड साहेबांनी महाराजांना आपल्या मुलखाची कहाणी सांगितली. आमच्याकडे टेकडीवरच्या गावात पाण्याचे फार हाल आहेत. एकदा उन्हाळ्यात एक लहान मुलगा आईचा मार खाताना मी पाहिला. त्याचा गुन्हा काय, तर घरात उरलेलं शेवटचं पाणी तो पिऊन बसला होता.

महाराजांच्या मनात ही गोष्ट राहून गेली. १८६० साली रीड साहेब नोकरी संपवून मायदेशी गेले. नंतर महाराजांना इंग्लंडात काहीतरी दानधर्म करायचा होता, तेव्हा त्यांना तो मुलगा आठवला. त्यांनी कळवलं, त्या गावात विहीर पाडा, खर्च मी देतो.

इथे क्षणभर थांबू या. ही गोष्ट जिथे जिथे सांगतात तिथे महाराजांची दया सांगतात, रीड साहेबांची माया सांगतात. मुलाची कीव करतात. पण त्या आईचं काय? ती मारकुटी होती म्हणून विषय संपतो का? घोटभर पाण्यासाठी पोटच्या पोरावर हात उचलायची वेळ बाईवर कधी येते, हे ज्यांनी रात्री दोन वाजता उठून झिऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरला आहे त्यांना ठाऊक आहे. घरात शेवटचं पाणी उरलं असेल तर ते कुणी प्यायचं, कशाला राखायचं, हा हिशोब तिच्याच डोक्यावर होता. गोष्टीत तिचं नाव नाही. पण ती विहीर तिच्या त्या दिवसामुळे झाली, असं आम्हाला वाटतं.

आणि इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. १८५७ चा उठाव नुकताच होऊन गेला होता. काशीचे महाराज त्यात इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. १८५८ साली कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं. त्या दिवसांत संस्थानिकांना राणीवरची निष्ठा दाखवून द्यावी लागत होती. म्हणूनच विहिरीचं काम सुरू करायला १० मार्च १८६३ हा दिवस निवडला, राणीच्या थोरल्या मुलाच्या लग्नाचा. आणि विहीर लोकांसाठी उघडली ती २४ मे १८६४ रोजी, राणीच्या वाढदिवशी. हिंदुस्थानात त्याच प्रांतात १८६०-६१ साली मोठा दुष्काळ पडून गेला होता. तेव्हा कुणी म्हणेल, आपल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना परक्याला विहीर कशाला? हा प्रश्न रास्त आहे. आम्हीही तो आपसांत बराच वेळ बोललो. एवढं मात्र खरं, की ज्या बाईच्या हंड्यात पाणी पडलं, तिने ना हिंदुस्थान लुटला होता, ना राज्य केलं होतं. तिची तहान ही तहानच होती.

आता विहिरीकडे येऊ. तिची रुंदी फक्त चार फूट. आणि खोली? तीनशे अडुसष्ट फूट! आपल्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात. एक परस म्हणजे उभ्या पुरुषाइतकं. त्या मापाने ही विहीर साठ परसांहून खोल भरते. मीटरमध्ये म्हणाल तर ११२ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरचा. तो आख्खा आत उतरवला तरी वर दीड-दोन ताडांएवढी विहीर शिल्लक राहील. आणि एवढी विहीर यंत्राने नाही, हाताने खोदली. चार फुटांच्या गोलाईत एकाच माणसाला धड काम करता येतं. म्हणजे खाली एक माणूस कुदळ मारतोय आणि वरचे लोक बादलीने माती, खडू ओढून काढतायत. जसजसं खोल जावं तसतसा वरचा उजेड नाण्याएवढा दिसायला लागतो. आपल्याकडे विहिरी खोदणाऱ्या वडार समाजातल्या भावांना आणि बहिणींना हे काम काय असतं ते माहीत आहे. घुमटावर महाराजांचं नाव आहे. खोदणाऱ्यांचं नाही.

चौदा महिने काम चाललं. विहिरीचा खर्च झाला सुमारे साडेतीनशे पौंड. त्या वेळी तिथल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी होती दहा शिलिंगांच्या आसपास, आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे मजुराने काही न खाता-पिता साठवले तर तेरा वर्षांची कमाई. गावाने वर्गणी काढून ही विहीर कधीच झाली नसती, हे यावरून कळतं.

पाणी काढायचं यंत्र जवळच्या वॉलिंगफर्ड गावच्या लोखंडकाम करणाऱ्यांनी बनवलं. मोठं चाक, त्याला दांडा, दोराला बादली. एका बादलीत चाळीस लिटर पाणी मावायचं, म्हणजे आपले तीनेक हंडे. आणि ती बादली वर यायला लागायची दहा मिनिटं. दहा मिनिटं दांडा फिरवायचा तेव्हा तीन हंडे! वीस घरांनी एकेक बादली घेतली तरी तीन तासांच्या वर वेळ जाणार. तेव्हा रांग तिथेही लागत असणार, आणि रांगेतल्या गप्पाही. पण पाणी कसं, तर थंडगार, नितळ, खडूतून गाळून आलेलं. आणि फुकट. विहीर सगळ्यांसाठी खुली होती, कुणाकडून पैसा घ्यायचा नाही, असंच ठरलं होतं.

मैत्रिणींनो, इथपर्यंतची गोष्ट दानाची झाली. पण आज ही गोष्ट आम्ही सांगायला घेतली ती पुढच्या भागासाठी.

दान मिळालं, उद्घाटन झालं, पाहुणे जेवून गेले. नंतर काय? दोर झिजणार. बादली फुटणार. दांड्याला तेल लागणार. लोखंड गंजणार. पाणी फुकट, मग याला पैसा कुठला? आणि लक्ष कुणी द्यायचं?

महाराजांनी आणि रीड साहेबांनी याचा विचार विहिरीबरोबरच करून ठेवला होता. विहिरीशेजारी एक लहानसं आठकोनी घर बांधलं. तिथे विहिरीची राखण करणारा माणूस राहायचा. राहायला घर मिळालं, त्याबदल्यात विहीर सांभाळायची. शेजारची सुमारे चार एकर जमीन घेतली आणि तिच्यात चेरीची झाडं लावली. चेरी म्हणजे ते लहान, लाल, गोड फळ. तिथल्या जमिनीत ते चांगलं येतं. चेरी विकायची आणि त्या पैशांतून विहिरीची डागडुजी करायची. महाराजांच्या नावावरून त्या बागेला ईश्री बाग म्हणू लागले. बागेत माशाच्या आकाराचं एक तळंही केलं, कारण मासा हे महाराजांच्या घराण्याचं चिन्ह. सगळ्यावर देखरेख करायला विश्वस्त नेमले. रीड साहेब स्वतः म्हातारपणापर्यंत, १८८६ साली वारले तोवर, यात लक्ष घालत राहिले. महाराजही काही प्रसंगाने गावाला भेटी पाठवत राहिले.

ही आपल्याकडचीच रीत आहे, नाही का? जुन्या काळी देवळाला, धर्मशाळेला, पाणपोईला इनाम जमीन लावून देत. दिवाबत्ती त्या जमिनीच्या उत्पन्नातून चाले. पुण्य करणाऱ्याला ठाऊक असे, की बांधकाम एका वर्षाचं आणि सांभाळ शंभर वर्षांचा. काशीच्या महाराजांनी ती जुनी रीत इंग्लंडच्या टेकडीवर नेली.

या व्यवस्थेमुळे ती विहीर टिकली. विसाव्या शतकात नळाचं पाणी आलं तेव्हा विहिरीची गरज संपली. आपल्याकडे अशा वेळी काय होतं? विहिरीत कचरा पडायला लागतो, दगड-गोटे जातात, शेवटी ती बुजवतात. स्टोक रोमध्ये तसं झालं नाही. विश्वस्त होते, बाग होती, गावाची सवय होती. विहीर, घुमट, हत्ती आणि आठकोनी घर सगळं डागडुजी करून आजही उभं आहे. चेरीची बाग आता गावाची फिरायची जागा आहे.

१९६१ साली राणी एलिझाबेथ भारतात आल्या, तेव्हा काशीच्या महाराजांनी त्यांना या विहिरीची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. १९६४ साली विहिरीला शंभर वर्षं झाली. त्या सोहळ्याला राणीचे पती प्रिन्स फिलिप आले, काशीच्या महाराजांचे प्रतिनिधी आले. त्यांनी बरोबर गंगाजल नेलं होतं, ते स्टोक रोच्या पाण्यात मिसळलं.

आपल्या मुंबईचाही असा एक दुवा इंग्लंडात आहे. मुंबईचे पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी लंडनच्या रीजंट्स पार्क बागेत लोकांसाठी पाण्याचं कारंजं बांधून दिलं, १८६९ साली. येणाऱ्या-जाणाऱ्याला प्यायला पाणी मिळावं म्हणून. तेही अजून उभं आहे. आपल्या देशातून संपत्ती तिकडे गेली हे आपण शाळेत शिकतो, आणि ते खरंच आहे. पण आपल्या देशातून पाणपोईसुद्धा तिकडे गेली, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता शेवटचं. आमच्या वस्तीवर एक हातपंप होता. बसवला तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले. चार वर्षांनी आतलं चामड्याचं वॉशर गेलं. शे-दोनशे रुपयांचं काम. पण पैसे कुणी काढायचे आणि कुणाला सांगायचं, हे ठरलेलं नव्हतं. दीड वर्ष तो पंप तसाच उभा राहिला आणि आम्ही त्याच्या शेजारून डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जात राहिलो. शेवटी गटातल्या बायकांनी घरटी वीस रुपये काढले, मेकॅनिकला बोलावलं, अर्ध्या दिवसात पाणी सुरू झालं. तेव्हापासून गटाच्या वहीत पाण्याचं एक वेगळं पान आहे. दर महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की ते पान उघडतो.

स्टोक रोची गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला ते पान आठवलं. आमचं ते पान म्हणजे त्यांची चेरीची बाग.

आता घरोघरी नळ येतायत. गावाच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. नळ आला की समितीच्या बैठकीत आपण एकच प्रश्न विचारायचा, "मोटार जळली तर पैसे कुठून, आणि चावी कुणाकडे?" याचं उत्तर वहीत लिहून घ्यायचं. महाराज काही रोज विहीर देत नसतात. आणि दिली तरी दोर आपल्यालाच बदलावा लागतो.

आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना जरूर विचारा, तुमच्या तरुणपणी पाणी कुठून आणत होता, विहीर कुणी खोदली, कुणाला तिथे पाणी भरू देत नव्हते, दोर कोण बदलायचं. हे कुठल्या शिळेवर कोरलेलं नसतं. त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवलं, तर पुढच्या मुलींना कळेल. स्टोक रोच्या त्या आईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या आयांचं तरी लिहू या.

येतो आम्ही. नमस्कार.